एकतिसावा आठवडा

सोहारच्या फलज अल कबाइलमध्ये, दुपारी दोनला,
गुलशेरच्या दुकानात सावली एवढीच :
टायरच्या थप्पीची. तीही तापलेली.

मी म्हटलं, बघ, नक्षी शाबूत आहे.
पंचवीस बैशांचं नाणं खाचेत उभं केलं
तर बरंच बुडतं.
अजून एक उन्हाळा जाईल.
जाईल ना?

त्याने नाण्याकडे पाहिलंच नाही.
उकिडवा बसला, टायरची कूस पुसली,
थुंकी लावून अंगठ्याने घासली,
आणि गोंदलेल्या नावासारखे
चार आकडे वर आले.
एकतीस. सतरा.
‘एकतीसवां हफ्ता, सत्रह का साल.
उमर देखो, परकार भाई. शकल नहीं.’

मग त्याने कूस दाबली, तेव्हा दिसल्या
भेगा, केसाएवढ्या,
आमच्या खोलीतल्या रेक्झिनच्या सोफ्याला
पडल्यात तशा.
त्या सोफ्यावर मी झोपतो.
रबर वाळतं, तो म्हणाला,
गाडी चालली नाही तरी वाळतं,
उभ्या उभ्या.

खाचेच्या तळाशी रबराची आडवी पट्टी असते.
मी तिला उंबरठा म्हणतो.
नक्षी झिजून उंबरठ्याला टेकली
की आत-बाहेर एक झालं,
पाणी मग विचारून येत नाही.
इथे पाऊस वर्षातून दोनतीनदा,
पण वादी जिझ्झीला तेवढा पुरतो.
हे मला ठाऊक होतं. उंबरठ्याचं.
वाळण्याचं नव्हतं.

आणि तांडेलचं ठाऊक होतं.
गेल्या जुलैत, बुरैमीच्या रस्त्यावर, भर उन्हात
त्याचा मागचा डावा फुटला.
त्याचीही नक्षी सुरेख होती, हे तोच सांगतो,
खांदा वर जात नाही तो उचलायचा प्रयत्न करत.
गाडीत चारशे किलो कांदे होते.
दोन दिवस ते डांबरावर शिजत राहिले,
काच बंद करूनही वास यायचा,
भूक लागायची
आणि भूक लागल्याची लाज वाटायची.

गुलशेर जॅक लावेपर्यंत
मी फोनमध्ये मागे मागे गेलो.
सतरा सालचा एकतिसावा आठवडा म्हणजे
जुलैची अखेर, ऑगस्टची सुरुवात.
एकच फोटो निघाला.
झुबेदाने पाठवलेला :
अफरीनचा पहिला पडलेला दात,
काडेपेटीत, कापसावर.
खाली मी लिहिलं होतं,
‘जपून ठेव, पुढच्या वर्षी येतो तेव्हा बघेन.’
अफरीन आता कॉलेजला चिपळूणला जाते.
काडेपेटीचं विचारायचं राहून गेलं.

पैसे दोनांचेच होते.
मी म्हटलं, पुढे लाव.
गुलशेर हसला, सगळे हेच म्हणतात,
आणि नवे मागे लावले.
पुढचं घसरलं तर हाताला कळतं, म्हणाला,
मागचं घसरलं तर
कळेपर्यंत तोंड फिरलेलं असतं.

जुन्यांपैकी एक त्याने थप्पीला टेकवला.
दुसरा कॅम्पातल्या पोरांनी मागून घेतला,
अर्धा वाळूत पुरून
चौकाराची खूण करायला.

नव्या टायरला केस असतात.
रबराचे, मऊ, जावळासारखे.
पहिले दोनशे किलोमीटर सांभाळून, गुलशेर म्हणाला,
नवंही घसरतं.
मी खाली वाकून आकडे शोधले.
यंदाचे. अकरावा आठवडा.
हा मला फोन न बघता आठवला :
त्या सोमवारी मी व्हिसाच्या कागदावर
आणखी दोन वर्षांची सही केली,
आणि घरी सांगितलं की एकाची.

बाहेर पडलो, साठच्या वर गेलो नाही.
मागून एक लँड क्रूझर
दिवे मारत राहिली.
जा बाबा, म्हटलं. जा पुढे.
माझं जावळ अजून गेलेलं नाही.